बोटांचा ताल, खिशातला गेम: वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, खिशात मावणारा आणि बोटांनी खेळायचा रिदम गेम घरच्या घरी कसा बनवायचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यांनी चार-चार पानं कोड पाठवलाय त्यांचा कोड इथे छापलेला नाही, त्यातला अडकलेला भाग तेवढा घेतलाय.

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्याकडे आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), चार टॅक्ट स्विच (छोटी दाबायची बटणं), एक बझर आणि मूठभर एलईडी आहेत. हातात धरून खेळायचा रिदम गेम करायचाय. डोक्यात डिस्प्ले, स्कोअर, लेव्हल, थ्रीडी प्रिंटेड बॉक्स सगळं आहे पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये.

उत्तर: बॉक्स सगळ्यात शेवटी. डिस्प्ले त्याच्या आधी, पण तोही शेवटाकडेच.

आधी एक ठरव, तुला मेमरी गेम करायचाय की रिदम गेम. लोक हे दोन नेहमी एकत्र करतात. १९७८ साली राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांचा सायमन बाजारात आला, चार रंग, चार सूर, मशीन जो क्रम वाजवेल तो लक्षात ठेवून परत दाबायचा. तो मेमरी गेम, त्यात काय दाबलं याला महत्त्व, कधी दाबलं ते जवळपास बिनकामाचं. रिदम गेममध्ये उलटं, काय दाबायचं ते समोर दिसत असतं, खेळ सगळा कधी दाबलं याचाच. १९९६ ला प्लेस्टेशनवर पॅरापा द रॅपर आला, १९९७ ला कोनामीचं बीटमेनिया, तिथून हा प्रकार लोकांच्या हातात रुळला. हे मी इतिहास सांगायचा म्हणून सांगत नाहीये. मेमरी गेममध्ये सर्किटने ८० मिलीसेकंद उशीर केला तर कुणाला पत्ताही लागत नाही, रिदम गेममध्ये तेवढ्या उशिराने सगळा खेळ मातीत जातो. म्हणून पुढे प्रत्येक पार्ट निवडताना पहिला प्रश्न हाच विचार की हा किती उशीर करतो, किंमत आणि दिसणं नंतर.

आता सुरुवात. ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या पट्टीवर, फक्त एक बटण आणि एक बझर लाव. बटणाचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, आणि कोडमध्ये पिनचा आतला पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) चालू कर, बाहेरून रेझिस्टर लागत नाही कारण चिपच्या आत २० ते ५० किलोओहमचा असतो. बटण दाबलं की पिन लो वाचेल, हे उलटं वाटतं पण दोन दिवसांत सवय होते. बझर पॅसिव्ह हवा. ओळखायची सोपी खूण म्हणजे बॅटरीला नुसता टेकवला आणि सलग पीं वाजला तर तो ॲक्टिव्ह, नुसतं टक् झालं तर पॅसिव्ह. ॲक्टिव्हवर एकच सूर निघतो, त्यावर गाणं होत नाही.

मग मिनिटाला १०० ठोके वाजवायचे, तू बटण दाबायचंस, आणि ठोका व दाब यांच्यातला फरक मिलीसेकंदात कॉम्प्युटरच्या सीरियल मॉनिटरवर छापायचा. बस. हा आकडा बघत बघत तुला पुन्हा पुन्हा दाबावंसं वाटतंय का ते बघ. वाटत असेल तर गेम तिथेच आहे, बाकी सगळी सजावट.

बटणं चार ठेवतोयस ते बरंय. पण एका हाताच्या चार बोटांखाली चार बटणं देऊ नकोस, अनामिका आणि करंगळीच्या स्नायुबंधांची एकमेकांशी गुंतागुंत असते, एक हलवलं की दुसरं थोडं ओढलं जातंच, खेळणाऱ्याला वाटतं आपण चुकतोय आणि प्रत्यक्षात हाताची रचनाच तशी आहे. दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट घे, किंवा दोन अंगठे. वेगाचाही हिशेब ठेव. एका बोटाने साधारण माणूस सेकंदाला पाच ते सात वेळा टपटप करू शकतो. मिनिटाला १२० ठोके म्हणजे एक ठोका ५०० मिलीसेकंदांचा, त्याचे चार भाग केले की १२५, म्हणजे सेकंदाला आठ दाब. एकाच बटणावर असा पट्टा लिहिलास तर बहुतेकांना जमणारच नाही, तो दोन बोटांत वाटून दे, मग तेच खेळायला मजा येते.

प्रश्न: माझा गेम चालतो पण एकदा दाबलं की कधीकधी दोनदा मोजतो. डिबाउन्सचा (एकच दाब दोनदा मोजणं टाळायचा) कोड टाकला तर डबल मोजणं थांबलं, पण आता सगळं चिकट चिकट वाटतंय, दाबल्यावर जरा वेळाने कळल्यासारखं. दोन्ही एकदम कसं सुटेल?

उत्तर: हा या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, कारण यात चूक तुमची नाही, जो उदाहरणाचा कोड सगळे उचलतात त्याची पद्धतच या कामासाठी बनलेली नाही.

होतं काय, बटणाच्या आतली धातूची पट्टी टेकताना एकदाच टेकत नाही, काही मिलीसेकंद उड्या मारते, आणि चिप इतकी जलद की तिला प्रत्येक उडी नवीन दाब वाटते. आर्डुइनोसोबत जो डिबाउन्सचा नमुना येतो त्यात सिग्नल ५० मिलीसेकंद स्थिर राहीपर्यंत थांबायचं आणि मगच दाब खरा मानायचा. दिवा चालू-बंद करायला हे उत्तम. रिदम गेममध्ये मात्र प्रत्येक दाबाला ५० मिलीसेकंदांचा दंड बसतो, तोच तुम्हाला चिकट वाटतोय.

क्रम उलटा करा. पहिली हालचाल दिसली की तो दाब लगेच खरा माना, त्याची वेळ तिथल्या तिथे नोंदवा, सूर वाजवा, आणि त्यानंतर १५-२० मिलीसेकंद त्या बटणाकडे ढुंकूनही बघू नका. उड्या त्या बंद काळात संपून जातात. उशीर जवळपास शून्य आणि डबल मोजणीही नाही. त्या काळात खरा दुसरा दाब हुकेल अशी भीती नको, वर म्हटलंय तसं माणूस सेकंदाला सातच्या आसपास दाबतो म्हणजे दोन दाबांत १४० मिलीसेकंद तरी असतात. फक्त बटण सोडतानाही पट्टी उडते, तेव्हा सोडल्यावरही तेवढाच बंद काळ ठेवा नाहीतर बोट उचललं की भुताचा दाब नोंदला जाईल. या पद्धतीत एक उणीव आहे, लांब वायरीवर बाहेरचा विजेचा खडखडाट आला तर तोही पहिल्या फटक्यात दाब म्हणून धरला जातो, पण हातात मावणाऱ्या खेळण्यात वायरी बोटभर असतात, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

बटणाबद्दलही बोलून घेऊ कारण तीन पत्रांत विचारलंय. ते छोटे ६ बाय ६ मिलिमीटरचे टॅक्ट स्विच प्रोटोटाइपला ठीक, पण दहा मिनिटं खेळलं की बोटाची टोकं दुखतात, ते कडक असतात आणि प्रवास जेमतेम पाव मिलिमीटर. मेकॅनिकल कीबोर्डचे स्विच मिळत असतील तर तेच घ्या. चेरी एमएक्स रेड साधारण ४५ ग्रॅम जोराला आणि २ मिलिमीटरवर लागतो, पूर्ण प्रवास ४ मिलिमीटर, बोट मऊ उतरतं. उंची जास्त वाटली तर लो प्रोफाइल जात बघा. मला विचाराल तर या गेममध्ये पैसे कुठे घालायचेच असतील तर बटणांत घाला, डिस्प्लेत नाही.

प्रश्न: बटणांऐवजी टच पॅड लावले तर? दिसायला एकदम भारी होईल, आणि काही झिजणार पण नाही.

उत्तर: दिसायला होईल, खेळायला नाही. सर्रास मिळणारं टीटीपी२२३ या टच चिपचं मॉड्यूल घेतलं तर त्याच्या डेटाशीटमध्येच प्रतिसादाचा वेळ फास्ट मोडला ६० मिलीसेकंदांपर्यंत आणि लो पॉवर मोडला २२० पर्यंत दिलाय. म्हणजे लो पॉवरमध्ये थोडं थांबून परत बोट लावलं तर पाव सेकंदाच्या जवळपास गेला. शिवाय बोटाला काही टेकल्याची खूणच मिळत नाही, कधी लागलं ते त्वचेला कळत नाही, आणि ताल धरायला ती खूण फार लागते. टच हवाच असेल तर मायक्रोकंट्रोलरनेच पॅडची कपॅसिटन्स थेट मोजायची, ते जलद होतं, पण मग घामट बोटं आणि बॅटरीचा बदलता व्होल्टेज यांच्याशी तुमची मारामारी सुरू.

प्रश्न: दादा, मी एमपी३ मॉड्यूलवर गाणं लावलंय आणि एलईडी बीटवर लागतात. गाणं १२८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२८ ठोके. सुरुवातीला झकास जुळतं पण तिसऱ्या मिनिटापर्यंत एलईडी गाण्याच्या बरेच पुढे पळतात, पाव सेकंद तरी. मी ६०,००० ला १२८ ने भागून आलेले ४६८ मिलीसेकंद प्रत्येक बीटला मोजतोय. बोर्ड आर्डुइनो ऊनो आहे.

उत्तर: तुझ्या पत्रातच उत्तर आहे. ६०,००० भागिले १२८ म्हणजे ४६८ नाही, ४६८.७५. पूर्णांकात भागाकार केला की चिप अपूर्णांक गिळून टाकते. प्रत्येक बीटला पाऊण मिलीसेकंद कमी, तीन मिनिटांत १२८ गुणिले ३ म्हणजे ३८४ बीट, एकूण २८८ मिलीसेकंद. तू पाव सेकंद म्हणतोस ते बरोबर जुळतं, आणि एलईडी मागे न पडता पुढे पळतात तेही जुळतं.

यावर उपाय अपूर्णांकाचे व्हेरिएबल वापरणं हा नाहीच. मागच्या बीटमध्ये अंतर मिळवत जायची सवयच सोड, कारण छोटी चूक अशी साठत जाते. गाणं सुरू झालं तो क्षण एकदा नोंदव, आणि कितव्या बीटची वेळ काढायची असेल तो क्रमांक गुणिले ६०,००० भागिले १२८ असं दर वेळी सुरुवातीपासून काढ. आधी गुण, मग भाग, आणि व्हेरिएबल ३२ बिटांचं घे, या बोर्डावर साधा इंटिजर १६ बिटांचा असतो, तो ३२,७६७ च्या पुढे उलटा होतो. असं केलं की चूक कधीच एका मिलीसेकंदाच्या वर जात नाही, गाणं तीन मिनिटांचं असो की तीस. आणि हो, डिले फंक्शन या गेममध्ये कुठेच नको, त्या वेळात चिप झोपलेली असते आणि बटणाकडे बघत नाही.

हे झाल्यावरही थोडं सरकताना दिसलं तर दचकू नकोस, ते दुसरं दुखणं आहे. ऊनो आर३ च्या मुख्य चिपच्या घड्याळाला क्वार्ट्झ क्रिस्टल नसतो, सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. ऐकायला किरकोळ, पण १८० सेकंदांचा अर्धा टक्का म्हणजे ०.९ सेकंद! एमपी३ मॉड्यूल स्वतःच्या घड्याळावर चालतं, तुझी चिप तिच्या घड्याळावर, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. क्रिस्टलवाला बोर्ड घेतलास तर ५० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ५० ची, चूक धरली तरी तीन मिनिटांत ९ मिलीसेकंद, ते कानाला कळणार नाही. चिपच्या आतलं घड्याळ मात्र वापरूच नकोस, कारखान्यातून येताना ते दहा टक्क्यांपर्यंत चुकीचं असू शकतं.

अजून एक. तुझं एमपी३ मॉड्यूल डीएफप्लेअर मिनी असेल तर त्याला प्ले म्हणून कमांड पाठवली तो क्षण म्हणजे गाण्याची सुरुवात नव्हे. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) दहा बाइटची कमांड पोचायलाच दहा मिलीसेकंद जातात, पुढे कार्डवर फाइल शोधायचा वेळ वेगळा, आणि तो दर वेळी सारखा नसतो. त्या मॉड्यूलला बिझी नावाची पिन असते, वाजायला लागलं की ती लो होते. तुझं घड्याळ त्या पिनवर सुरू कर, कमांडवर नाही.

मी स्वतः या सगळ्यातून सुटायला एमपी३ टाळतो आणि सूर चिपवरूनच वाजवतो. मग घड्याळ एकच. ते अर्ध्या टक्क्याने हळू असलं तरी गाणं आणि एलईडी दोन्ही सोबतच हळू होतात, कुणाला काही कळत नाही. आवाज खेळण्यासारखा येतो हे खरं, पण खेळणंच तर बनवतोय. चालीची जागाही फार लागत नाही, १२० बीपीएमची दोन मिनिटं म्हणजे २४० बीट, प्रत्येकाचे चार भाग म्हणजे ९६० पायऱ्या, चार बटणांना चार बिट पुरतात, तेव्हा कोणतं बटण कधी याची अख्खी यादी ४८० बाइटमध्ये बसते. ती फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्राम राहतो त्या मेमरीत ठेव, रॅम दोनच केबी आहे.

प्रश्न: ब्लूटूथ हेडफोनवर खेळता येईल का?

उत्तर: नको. आवाज शंभर-दोनशे मिलीसेकंद मागून येतो. वायरचा घ्या.

प्रश्न: मी १२८ बाय ६४ चा ओएलईडी स्क्रीन लावलाय, वरून ठिपके खाली पडतात आणि खालच्या रेघेला आले की दाबायचं. ठिपके झटके देत उतरतात आणि बटणंही मधूनच हुकतात. चिप कमी पडतेय का, ईएसपी३२ ही जास्त वेगवान चिप घेऊ का?

उत्तर: चिप बदलायच्या आधी हिशेब करा. त्या स्क्रीनचं एक पूर्ण चित्र १०२४ बाइटचं. आयटूसीवर, म्हणजे स्क्रीनच्या दोन तारांच्या जोडणीवर, एका बाइटला नऊ बिट जातात, म्हणजे नऊ हजारांवर बिट. १०० किलोहर्ट्झला त्याला ९० मिलीसेकंदांहून जास्त लागतात, सेकंदाला जेमतेम दहा चित्रं होतात, झटके येणारच. ४०० किलोहर्ट्झला तेच २३-२४ वर येतं. काही लायब्रऱ्या आपोआप ४०० ला नेतात, काही नाही, तुमची काय करते ते बघा. बटणं हुकतात त्याचं कारणही हेच, चित्र जाईपर्यंत प्रोग्राम तिथे अडकून बसतो.

ईएसपी३२ घेतलात तरी आयटूसीची तार तीच राहणार. त्यापेक्षा बटणं इंटरप्टवर (चालू काम मध्येच थांबवून आधी बटणाकडे बघायची चिपची सोय) घ्या म्हणजे चित्र जात असतानाही दाबाची वेळ अचूक नोंदली जाईल, निकाल नंतर दाखवला तरी चालतो. आणि अख्खं चित्र न पाठवता बदललेला पट्टाच पाठवा. किंवा त्याच स्क्रीनची एसपीआय जोडणीवाली आवृत्ती घ्या, ती कितीतरी जलद.

पण खरं सांगू का, मी डिस्प्ले काढूनच टाकीन. बोटं खाली, डोळे वर, हे लहान खेळण्यात जमत नाही. प्रत्येक बटणाच्या वर चार-पाच एलईडीची उभी रांग लावा, उजेड खाली चालत येतो आणि बटणापाशी पोचला की दाबायचं. रंगीत डब्ल्यूएस२८१२बी घेतले तर एका एलईडीला डेटा पाठवायला ३० मायक्रोसेकंद, वीस एलईडीला ०.६ मिलीसेकंद. तेवढ्या वेळात इंटरप्ट बंद असतात पण ०.६ ने काही बिघडत नाही. स्कोअर दाखवायला त्याच रांगा वापरता येतात.

प्रश्न: माझी बहीण म्हणते मी बरोबर दाबते आणि तुझा गेम मिस दाखवतो. मी म्हणतो गेम बरोबर आहे. कोण खरं?

उत्तर: बहीण. म्हणजे सर्किट बरोबर असेलही, पण माणसाला बरोबर वाटतंय आणि गेम नाही म्हणतोय तर गेम बदलायचा, माणूस नाही.

मेट्रोनोमसोबत बोट आपटायला सांगितलं तर बहुतेक माणसं ठोक्यावर न आपटता त्याच्या थोडं आधी आपटतात, काही दशक मिलीसेकंद आधी, आणि त्यांना वाटतं आपण अगदी ठोक्यावर आहोत. संगीत शिकलेल्यांमध्ये हे कमी असतं. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी एक छोटी तपासणी ठेव, सोळा ठोके वाजव, बहिणीला दाबायला लाव, आलेले फरक लहान-मोठे लावून मधला आकडा घे. सरासरी नको, एखादा दाब चुकून फार लांब गेला तर सरासरी बिघडते. तो मधला आकडा पुढच्या प्रत्येक दाबातून वजा करायचा आणि ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) जपून ठेवायचा म्हणजे दर वेळी तपासणी नको. बझर, बटण, कोड यांचा जो काही ठरावीक उशीर असेल तोही याच आकड्यात आपोआप धरला जातो.

दाब बरोबर मानायची वेळेची खिडकी किती ठेवायची म्हणशील तर सुरुवातीला ठोक्याच्या दोन्ही बाजूंना ५० मिलीसेकंद म्हणजे उत्तम, १०० पर्यंत चालेल, त्यापुढे मिस. आर्केडमधल्या मशीन याहून फार कडक असतात, तिथे वरच्या दर्जाचा निकाल जेमतेम स्क्रीनच्या एका फ्रेमइतक्या, १६-१७ मिलीसेकंदांच्या खिडकीत मिळतो. घरच्या खेळण्याला तेवढा कडकपणा लावलास तर बहिणीशी भांडण नक्की. आणि नुसतं मिस दाखवू नकोस, लवकर की उशिरा ते एलईडीच्या रंगाने सांग, माणूस त्यावरून स्वतःला सुधारतो आणि खेळत राहतो.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला ऐकायला खूप कमी येतं. तिला तालाचे खेळ आवडतात, जमिनीवर पाय आपटून खेळते. बझरऐवजी मोबाईलमधली व्हायब्रेशनची मोटर लावून तिच्यासाठी असा गेम करता येईल का? मी शिक्षिका आहे, सोल्डरिंग येतं, कोड भावाकडून करून घेईन.

उत्तर: ताई, नक्की करा, आणि हा गेम बझरवाल्यापेक्षा जास्त विचार मागतो म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

त्या नाण्यासारख्या मोटरमध्ये एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं. ते वेग घ्यायलाच ५० ते १०० मिलीसेकंद लागतात आणि थांबायलाही वेळ लागतो. ठोक्याच्या क्षणी मोटर चालू केली तर भाचीच्या हाताला ठोका उशिरा लागेल, ती बरोबर दाबूनही चुकलेली दिसेल. पण इथे एक सोय आहे, चाल आपणच लिहिलेली असल्यामुळे पुढचा ठोका कधी येणार ते गेमला आधीच माहीत असतं, मग मोटर तेवढी आधी चालू करायची. भावाला सांगा की मोटरच्या आघाडीचा एक वेगळा आकडा ठेव आणि तो भाचीच्या हातात देऊनच ठरव, कागदावर नाही. बाहेर जाणारा उशीर असा आधी सुरुवात करून झाकता येतो. बटणाचा उशीर तसा झाकता येत नाही कारण ती कधी दाबणार ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून वर बटणांवर एवढं लिहिलंय.

वेग मिनिटाला ९०-१०० ठोक्यांच्या आत ठेवा, ठोके फार जवळ आले तर मोटर पुरती थांबायच्या आत दुसरा ठोका येतो आणि सगळी एकच घरघर होते. प्रत्येक ठोक्याला ६०-८० मिलीसेकंदांची छोटी ढकल पुरे. बजेट असेल तर एलआरए जातीची (वजन फिरवण्याऐवजी मागेपुढे हलवणारी) मोटर आणि तिचा ड्रायव्हर घ्या, ती बरीच चटकन उठते आणि बसते.

मोटर थेट पिनला जोडू नका. एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलीअँपिअर, २० च्या आत ठेवलेलं बरं, आणि मोटर सहज ८० घेते. मध्ये २एन२२२२ सारखा ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला १ किलोओहम, आणि मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड. डायोड विसरला तर मोटर बंद होताना उलट झटका येतो, चिप मधूनच रिसेट होते आणि भाऊ आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

मोटर बटणांखाली नको, तळव्याखाली येऊ द्या, दाबणाऱ्या बोटांना बटणाची स्वतःची खूण मिळायला हवी. सोबत उजेडही द्या पण नुसता लुकलुकणारा नको. डोळ्यांना लुकलुकण्यावर ताल धरणं अवघड जातं, हलत्या वस्तूवर, म्हणजे टप्पा खाणाऱ्या चेंडूसारख्या हालचालीवर बरंच सोपं जातं, असं प्रयोगांत दिसलंय. वर सांगितलेली उतरत येणाऱ्या उजेडाची रांग तिच्यासाठी अगदी योग्य, फक्त खाली येताना वेग वाढवत न्या.

प्रश्न: सीआर२०३२ च्या बटण सेलवर चालेल ना? आठ रंगीत एलईडी आहेत. नाहीतर लिथियम सेल आणि टीपी४०५६ चार्जर पडलाय.

उत्तर: बटण सेल विसरा. त्याची क्षमता २२० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते पण एका वेळी काही मोजके मिलीअँपिअरच आरामात देतो. तुमचे आठ एलईडी पूर्ण पांढरे लावले तर प्रत्येकी ६० धरून ४८० होतात. ब्राइटनेस पंधरा-वीस टक्क्यांवर आणा, हातात धरलेल्या खेळण्याला तेवढाच पुरतो, त्याहून जास्त डोळ्यांत खुपतो.

लिथियम चालेल पण चार्जर आधी बघा. टीपी४०५६ च्या मॉड्यूलवर सहसा १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि त्याने चार्जिंग १ अँपिअरवर बसतं. तुमचा सेल छोटा, समजा ५०० मिलीअँपिअर-तासांचा, तर हे फार जास्त आहे. तो रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावा, करंट २५० वर येतो. सेल संरक्षण सर्किट असलेलाच घ्या, आणि बॉक्समध्ये स्क्रूची टोकं सेलकडे येणार नाहीत हे बघा, लिथियमच्या बाबतीत याला पर्याय नाही.

तीन ट्रिपल ए सेल लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, १६ मेगाहर्ट्झवर एटीमेगा३२८पी ला (ऊनो-नॅनोवरची मुख्य चिप) डेटाशीटप्रमाणे ३.८ व्होल्टच्या आसपास तरी लागतात, सेल अर्धे संपायच्या सुमारासच व्होल्टेज तिथे येऊन पोचतं. ८ मेगाहर्ट्झचा ३.३ व्होल्टवाला बोर्ड घेतला तर हा प्रश्न येत नाही, आणि या गेमला ८ भरपूर होतात. चालू-बंदला खरा स्विच ठेवा, हे रंगीत एलईडी काळे दिसत असले तरी आतली चिप प्रत्येकी अर्धा ते एक मिलीअँपिअर खातच असते.

प्रश्न: एटीटायनी८५ या छोट्या चिपवर हा गेम जमेल?

उत्तर: दोन बटणांचा जमेल. वापरायला पाच पिना मिळतात, बटणं दोन, बझर एक, रंगीत एलईडीची अख्खी रांग एका पिनवर, एक उरते. फ्लॅश ८ केबी आणि रॅम ५१२ बाइट, नीट लिहिलं तर पुरतं. एकाच पिनवर रेझिस्टरची शिडी करून चार बटणं लावायचा मोह होईल, पण दोन बटणं एकदम दाबली की आकड्यांची गल्लत होऊ शकते आणि रिदम गेममध्ये दोन एकदम दाबणं हीच तर गंमत असते. घड्याळाचं वर लिहिलंय ते याला दुप्पट लागू, बाहेरून क्रिस्टल लावला तर दोन पिना त्यातच जातात, म्हणून याच्यावर गाणं आणि उजेड दोन्ही चिपवरूनच चालवा, बाहेरचं एमपी३ मॉड्यूल नको.

प्रश्न: गेम झाला, मस्त चालतोय, पण बझर इतका कर्कश आहे की घरचे वैतागलेत. आर्डुइनोच्या टोन फंक्शनमध्ये आवाज कमी करायची सोयच दिसत नाही.

उत्तर: नाहीच आहे, ते फंक्शन फक्त सूर ठरवतं, जोर नाही. बझरच्या एका तारेत रेझिस्टर टाका, २२० ओहमपासून वाढवत न्या, पिएझो असेल तर किलोओहमपर्यंतही जावं लागेल. बदलता रेझिस्टर लावला तर चाकाने आवाज कमी-जास्त करता येतो. दुसरं म्हणजे पिएझो बझर साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या मध्ये सगळ्यात जास्त ओरडतात, तुमची चाल तिथे असेल तर एक-दोन सप्तक खाली आणा. तरी भागलं नाही तर बझरच्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा. आणि हो, टोन फंक्शन ऊनो-नॅनोच्या चिपवर टायमर २ वापरतं, त्यामुळे ३ आणि ११ नंबरच्या पिनांवर एलईडी मंद-तेज करत असाल तर ते सूर वाजताना बिघडेल, तेवढे एलईडी दुसऱ्या पिनांवर हलवा.